इंगवलेचा गोल

हर्षद साळोखेची दाढी काढायची की ठेवायची, यावर जुनी तिकटी तालमीत चर्चा चालली होती, आणि मला तिथं कशाला बोलावलंय हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"ठेवली तर वळकत्यात," एकजण म्हणाला.

"काढली तर जास्त वळकत्यात. ल्हानपनापास्नं बिनदाढीचाच बघितल्यात त्याला."

"मग अर्धी काढा की."

हे बोलणारा विनोद करत नव्हता. सगळ्यांनी क्षणभर विचार केला.

ज्याची दाढी होती तो सतरंजीच्या कडेला बसून नखं कुरतडत होता. हर्षद आमच्या पेठेचा. कलकत्त्याच्या एका व्यावसायिक क्लबनं त्याला फॉरवर्ड म्हणून करारावर नेलं होतं, आणि पेठेच्या मते तो कलकत्ता गाजवत होता. खरं म्हणजे तो कलकत्ता बघत होता, बाकावर बसून. बहिणीच्या साखरपुड्यासाठी आठवडाभर घरी आला आणि सापडला.

आमच्या तालमीत कुस्ती होत नाही. कुस्तीचा हौदा बुजवून त्यावर फरशी घातली, फरशीवर कपाटं मांडली, कपाटांत फुटबॉलचे कप ठेवले. या सगळ्याला मिळून परंपरा म्हणतात. कोल्हापुरात फुटबॉल पेठेपेठेत खेळला जातो आणि पेठेपेठेतच मरेपर्यंत बोलला जातो. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो आणि हंगामात मैदानावर माइक धरून सामन्यांचं धावतं वर्णन करायचो. पहिल्या कामाचा पगार मिळायचा, दुसऱ्याचा मान. पहिलं काम पेठेत फारसं कुणाला माहीत नव्हतं.

"सर, ऐका," तालमीचे अध्यक्ष आप्पा सरनाईक शेवटी म्हणाले. आप्पा महापालिकेला दोनदा उभे राहिले होते आणि दोनदा पडले होते. पण मधल्या सगळ्या काळात ते नगरसेवकासारखेच चालत. "परवा फायनल हाय. चावडी ग्रुपसंगं. आपल्या इंगवलेचा घोटा गेलाय."

दिग्विजय इंगवले शेजारीच पाय पाटावर ठेवून बसला होता. हा आमचा नोंदणी झालेला नऊ नंबर. उपांत्य सामन्यात त्याचा घोटा मुरगळला तो चेंडूमुळं नव्हे. दुसऱ्यानं गोल मारल्यावर हा नाचायला गेला आणि खड्ड्यात उतरला.

"तवा नाव इंगवलेचं, पाय हर्षदचं," आप्पा म्हणाले. "तुमी माइकवर फकस्त इंगवले म्हनायचं. बास."

"आणि लोकांना कळणार नाही?"

"लोकं आपलीच हायत."

"चावडीचीही?"

"त्येंचं आमी बगतो."

"माझं एक हाय आप्पा," इंगवले म्हणाला. "ह्यानं सोपा गोल चुकवला तर? नाव माझं खराब व्हनार."

"गप बस रं. तुझ्या नावाला आनि काय व्हायचं ऱ्हायलंय!"

हर्षदनं नखं सोडली. "आप्पा, क्लबबाहेर एक बी म्याच खेळायची न्हाई असं करारात हाय. कळलं तर काढत्यात मला."

"कुनाला कळतंय? कलकत्ता कुठं, तिकटी कुठं!" आप्पा थांबले, मान तिरकी केली आणि आवाज मऊ केला. हा आवाज ते मतं मागताना वापरत. "हर्षद, पयला बूट तुला कुनी दिला?"

पहिला बूट तालमीनं दिला होता हे खरं. तो दोन नंबर मोठा होता आणि पोरानं पुढं कापसाचा बोळा कोंबून तो फाटेपर्यंत वापरला, हेही खरं. सत्काराच्या भाषणांत बूट यायचा, बोळा कधी आला नाही.

"खेळतो," हर्षद म्हणाला.

दाढी ठेवायचं ठरलं. वर कपाळाला पट्टी बांधायची, असंही ठरलं. कपाळावरून कोण कुणाला ओळखतं, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईनं मला बोलावून घेतलं. शालनवहिनींचा चटणी कांडायचा डंक होता. मिरच्यांचा हंगाम भरात होता आणि दारात पिशव्यांची रांग लागली होती. तिथं शिंकल्याशिवाय कुणाला दोन वाक्यं बोलता यायची नाहीत. वहिनी सोडून.

"दारातच थांबा सर, आत उडतीया. जरा घाला ह्याच्या डोस्क्यात. मी सांगून दमलो."

हर्षद नाकाला टॉवेल लावून मिरच्यांच्या पोत्यावर बसला होता.

"काय सांगून?" मी विचारलं.

"नवा कोच आलाय तिथं. दोन फॉरवर्ड सोडून गेल्यात. ह्याला म्हनलाय, औंदा पयल्या मिंटापास्नं तू. मोठ्या मैदानात. आन ह्यो हितं पायात पाय घालून पडायला निघालाय, कशासाठी? तर ती चावडीची पोरं गल्लीतनं जाताना शिट्या मारत्यात म्हनून!"

मी शिंकलो. "खरंय का रे? खेळवणार म्हणाला?"

"व्हय."

"मग आप्पांना सरळ नाही म्हण."

"कसं म्हनू सर? पेठंत ऱ्हायाचंय."

"तू कुठं राहतोस पेठेत? तू कलकत्त्यात राहतोस."

"आई ऱ्हातीय की."

"माझं नाव घिऊ नगंस," वहिनी आतून ओरडल्या. "माझ्या दारात येतंय कोन भांडायला? डोळ्यात मूठ टाकतो एकेकाच्या!"

हर्षद टॉवेलमागं हसला. मग म्हणाला, "सर, तिथं काय करतो मी म्हायतीये? गरम होतो. म्याचच्या आधी पळायचं, अंग ताणायचं, घाम काढायचा. मग येऊन बसायचं. मधी कोच हात करतो, परत कडंनं पळायचं. लोकं बघत्यात, आता ह्यो उतरनार. मग परत बसायचं. दोन वर्षं नुसता गरम होतोय आन गार होतोय."

"म्हणून तर म्हणतो. आता संधी आलीय."

"व्हय," तो म्हणाला आणि पुन्हा टॉवेल नाकाला लावला.

मला वाटलं, बिचारा. भिडस्त पोर, गावानं गिळलं.

फायनलला मैदान भरलं होतं. खेळाडू अंग मोकळं करत होते तेव्हाच चावडीचा एक बॅक हर्षदजवळ आला. माझी माइकची खुर्ची मैदानाला लागून होती, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"काय हर्ष्या, कवा आलास?"

"मी इंगवले."

"बरं. बहिनीचं जमलं म्हनं?"

"व्हय. म्हंजे हर्षदच्या."

"पोरगा काय करतो?"

"बँकेत हाय."

"बेस झालं. आईला विचारलं म्हनून सांग, इंगवले."

थोड्या वेळानं चावडीचे कारभारी गजानन मोरबाळे स्वतःच माझ्याकडं आले. तोंडात पान, खांद्यावर रुमाल, चालण्यात लग्नाला आलेल्या पाहुण्याचा निवांतपणा.

"सर, त्यो नऊ नंबर कोन?"

"दिग्विजय इंगवले."

"उंची वाढलीया काय त्याची?"

"कल्पना नाही."

"न्हाई, आमची तक्रार न्हाई," मोरबाळे घाईनं म्हणाले. "उलट बरं झालं. हरलो तर कलकत्त्याचा प्लेयर हुता म्हनून हरलो म्हनायला येतंय. जिंकलो तर काय, कलकत्त्यालाच हरवलं! तुमी आपलं इंगवले म्हनत ऱ्हावा. आमी कुनाला बोलनार न्हाई."

आणि खरोखरच कुणी बोललं नाही. पंचांनी नऊ नंबरकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि शिट्टी वाजवली. अख्ख्या मैदानानं मिळून एक गुपित पाळलं होतं. आमच्या शहरात वॉर्डातला नळ कधी येतो यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. पण त्या दिवशी दोन्ही पेठा, पंच, भेळवाले आणि पोलीस एकाच मताचे होते. हर्षदचा करार आता सुरक्षित होता. आपल्या माणसांनी काही केलं नाही तर.

गोल झाला तो उत्तरार्धात. चेंडू त्याच्याकडं आला तेव्हा त्याची पाठ गोलकडं होती आणि दोन बॅक अंगावर होते. त्यानं चेंडू अडवला नाही. नुसता पाय बाजूला घेतला, चेंडूला पुढं जाऊ दिलं आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं वळला. दोन्ही बॅक एकमेकांवर आदळले. पुढं गोलकीपर एकटा. हर्षदनं मान वरसुद्धा केली नाही. जमिनीलगत, लांबच्या खांबाच्या आत. मी धावतं वर्णन करायला बसलेला माणूस, तेवढा वेळ गप्प होतो. पोरगा खरंच चांगला होता. ते मला तोपर्यंत पेठेच्या गप्पांमुळं खरं वाटत नव्हतं.

मग मी भानावर आलो. "गोल! जुनी तिकटीचा गोल! दिग्विजय इंगवले!"

मैदान फुटलं, ते हसण्यानं. प्रेक्षकांत बसलेला खरा इंगवले एका पायावर उठला आणि चारी बाजूंना हात जोडून वंदन करू लागला.

पाचच मिनिटांत तालमीचा एक कार्यकर्ता माझ्या कानाशी आला. "सर, नाव घ्या की."

"घेतलं."

"ते न्हवं."

"मग कुठलं?"

तो विचारात पडला. "बरोबर हाय तुमचं. पन कसंतरीच वाटतंय बगा. गोल आपला आन हसत्यात."

त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. ज्यांनी दाढीवर ठराव केला होता तेच आता दाढीमागचा माणूस दिसत नाही म्हणून हळहळत होते. मी प्रत्येकाला सांगितलं, आप्पांना विचारा. आणि शेवटची शिट्टी झाली तरी आप्पा व्यासपीठासमोर फेऱ्या मारत होते, चेहरा पडलेला, जसे काही सामना आम्ही हरलो होतो. आम्ही जिंकलो होतो. एक शून्य.

बक्षीस समारंभाला पुण्याहून आलेले एक निवृत्त अधिकारी होते. ते सामनाभर डुलकी काढत होते, त्यामुळं पूर्णपणे निःपक्षपाती होते. मी माइकवर पुकारलं, "सामनावीर, दिग्विजय इंगवले."

हर्षद खाली मैदानात, डोक्यावर टॉवेल घेऊन खेळाडूंत बसला होता. तो हलला नाही. इंगवले मात्र मित्राच्या खांद्यावर हात टाकून, पांढरी पट्टी बांधलेला पाय उचलत उचलत व्यासपीठावर चढला. पाहुणे हळहळले.

"अरेरे! मघाशी लागलं का?"

"न्हाई साहेब, आठ दिस झालं."

"आणि तरी खेळलात?"

"पेठेसाठी," इंगवले म्हणाला.

पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्याकडून माइक मागून घेतला आणि मोडक्या पायानं गोल मारणाऱ्या या वीरापासून आजच्या तरुणांनी काय शिकावं हे सांगायला सुरुवात केली. चावडीची पोरं लोळून हसत होती. मोरबाळे रुमालानं डोळे पुसत होते. फोटोवाले पुढं आले, इंगवलेनं करंडक छातीशी धरला.

आणि आप्पांना ते सोसलं नाही. उद्याच्या पेपरात इंगवले! लंगडा! त्यांनी पाहुण्यांच्या हातातला माइक हिसकावून घेतला.

"ह्यो गोल इंगवलेनं मारलेला न्हाई!" ते गरजले. "ह्यो गोल मारलाय कलकत्त्याच्या प्लेयरनं! आमच्या हर्षद साळोखेनं! हसताय कुनाला?"

मी माइकवर हात ठेवला. "आप्पा, काय बोललात कळतंय का?"

"खरं बोललो!"

तरीही अजून वेळ होती. आप्पा काहीही बोलत असतात, हे शहराला माहीत होतं. हर्षदच्या मागं बाजूचं फाटक उघडं होतं. टॉवेल तसाच डोक्यावर ठेवून तो उठला असता आणि बाहेर पडला असता, तर आप्पांच्या शब्दापलीकडं काही उरलं नसतं. मी त्याला हातानं खूण केली, जा. त्यानं ती बघितली. फाटकाकडंही बघितलं. मग त्यानं टॉवेल काढला, कपाळाची पट्टी काढली, केस हातानं नीट केले आणि व्यासपीठाकडं चालत आला.

असा आवाज मी त्या मैदानात पुन्हा ऐकला नाही. आप्पांनी त्याचा हात उंच धरला, आणि सगळे कॅमेरे इंगवलेवरून वळले.

मोरबाळे सुस्कारा टाकून उठले. "आता मातूर तक्रार करावी लागतीया. माइकवर सांगितल्यावर आमचा बी इलाज न्हाई."

संयोजकांना निर्णयाला चहाएवढाही वेळ लागला नाही. नोंदणी नसलेला खेळाडू. सामना चावडीला, कपही चावडीला. एका वाक्यात आप्पांनी कप आणि करार दोन्ही घालवले. पेठेचं त्यावर म्हणणं असं, की कप काय, पितळेचा असतो.

हर्षदचा करार रद्द झाला, हे मंगळवारपर्यंत पेठेत सगळ्यांना कळलं होतं. कुणाकडून कळलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. पुढच्या रविवारी तिकटीला मांडव घातला गेला. मागं मोठा डिजिटल फलक: पेठेसाठी कराराला लाथ मारणारा ढाण्या वाघ. वाघाच्या तोंडाशेजारी हर्षदचं तोंड, आणि दोघांपेक्षा मोठं आप्पांचं. शाल, श्रीफळ, फेटा, तुतारी. नोकरी गेल्याबद्दल माणसाचा जाहीर सत्कार करणारं शहर मी दुसरं पाहिलेलं नाही.

माइक अर्थातच माझ्याकडं. व्यासपीठाच्या कडेला माझी खुर्ची, शेजारी शालनवहिनींची. त्या चांगलं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून सरळ बसल्या होत्या. समोर आप्पा सांगत होते की कलकत्तेवाले अजून रडत आहेत.

मला राहवलं नाही. मी हळू आवाजात म्हणालो, "वहिनी, या माणसानं तुमच्या पोराचं वाटोळं केलं."

"आप्पानं?" वहिनींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तेवढं डोस्कं हाय व्हय त्याला?"

"म्हणजे?"

"सोमवारी फोन आलता. डंकावर. त्या कोचचा."

"काढलं म्हणून?"

"कशाचं काढतोय! हिंदीत बोलत हुता, पन कळलं मला. म्हनला, कुनीतरी पेपर दावलाय. म्हनला, मी काय हेडमास्तर हाय व्हय? मला गोल मारनारा पायजे, साधू नगं. मालकांना मी सांगतो. त्यानं शुक्रवारपतोर यायचं, माफी मागायची आन खेळायचं."

समोर तुतारी वाजली. आप्पांचं एक वाक्य संपलं होतं.

"मग?"

"मग काय. फोन मी धरलो. ह्यो समोरच बसलाता. हातानं न्हाई न्हाई करत हुता. म्हनला, सांग, घरात न्हाई."

"तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलो. वाटलं, भ्यालाय, दोन दिसानं जाईल. शुक्रवारी परत केला त्यानं. तवा बी ह्यो घरात न्हवता." त्यांनी पदर सारखा केला. "भिताडाला टेकून टीवी बघत हुता, घरात न्हाई त्यो."

मी हर्षदकडं बघितलं. फेटा त्याला चांगला दिसत होता.

"पण का? खेळवणार होते ना त्याला?"

"म्हनून तर. बाकावर बसला तवर कुनाला काय म्हायती, कसा खेळतो? उतरला आन न्हाई जमलं, तर दोष कुनावर घालनार? हितं पेठ हाय की घालाय. जन्मभर पुरती."

"आप्पांना माहीत आहे?"

"करार रद्द झाला म्हनून कुनी सांगितलं त्यास्नी? ह्यानंच."

आप्पा आता शेवटाकडं आले होते. त्यांचा आवाज मऊ झाला. "आनि ह्या वाघाला जन्म देनारी वाघीन! वीरमाता शालनकाकी! त्येंनी दोन शब्द बोलल्याबिगर ह्यो कार्यक्रम संपनार न्हाई!"

टाळ्या सुरू झाल्या. वहिनी नको नको म्हणाल्या नाहीत. त्या उठल्या, माझ्या हातातून माइक घेतला आणि तो बोटानं ठोकून बघितला. हर्षदची मान ताठ झाली. फेट्याखाली त्याच्या कपाळावर घाम दिसत होता, आणि तो आईकडं असा बघत होता जसा गोलकीपर पेनल्टी मारणाऱ्याकडं बघतो.



वहिनींनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग पेठेकडं वळल्या.

"पोरगं तुमाला दिलो मी," त्या म्हणाल्या. "आता ठिवून घ्या."

माइक माझ्या हातात परत देऊन त्या पायऱ्या उतरल्या आणि डंकाच्या दिशेनं चालू लागल्या.

मांडव उठून उभा राहिला. तुतारीवाल्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. आप्पा डोळे पुसत होते. मागं कुणीतरी "वीरमातेचा विजय असो" सुरू केलं आणि ते थांबेना. टाळ्या वाजतच राहिल्या. हर्षद आधी हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि तोही वाजवू लागला.